ओरडा खाल्ल्यावरचं सुकेळं

परवा विरारला एका दुकानात सुकेळी दिसली. प्लॅस्टिकच्या डबीत, वर छापील चिठ्ठी. मी डबी उचलून नाकाशी धरली तर दुकानदार म्हणाला, "आजी, बंद आहे ती, वास नाही यायचा." म्हटलं, बाबा, तुला नाही यायचा. मला येतो. राजेळी केळं पिकून उन्हात आकसायला लागलं की त्याला जो मधासारखा, किंचित आंबूस वास सुटतो, तो एकदा नाकात बसला की जन्मभर राहतो. आणि त्या वासाबरोबर मला हटकून एक लोखंडी घडीची खुर्ची आठवते. सुकेळ्यांचा आणि खुर्चीचा काय संबंध म्हणाल, तर तोच सांगायला बसलेय.

आगाशीकडून अर्नाळ्याला जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना तेव्हा वाड्याच वाड्या होत्या. वाडी म्हणजे आमची बागायत. केळी, पानवेली, कडेला माड, मधे बावखल. बावखल म्हणजे गोड्या पाण्याचं तळं, आमच्याकडे प्रत्येक वाडीला एक तरी असायचंच. मी त्या घरात सून म्हणून आले तेव्हा विहिरीवरचा रहाट मोडून पंप बसलेला होता. पण रहाटाचं लाकडी चाक अजून गोठ्याच्या मागे भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं, आणि घरातलं कुणी त्याच्याकडे बघत नसे. त्याच चाकाच्या दात्यांत माझ्या धाकट्या नणंदेचा उजवा हात गेला होता. लहान होती, बैल फिरताना बघायला जवळ गेली. कोपराखालचं काही राहिलं नाही.

मी त्यांना वन्सं म्हणायची. वयानं माझ्यापेक्षा लहान, पण नणंद ती नणंद. लग्न जमलं नाही म्हणण्यापेक्षा कुणी जमवायलाच गेलं नाही. पण रडक्या, मुक्या अशा मुळीच नव्हत्या हो! जीभ अशी की दोन हातांचं काम एकटी करायची. गौरीच्या वेळी फुगडीला त्या सगळ्यांच्या आधी पदर खोचून उभ्या. एका हाताची फुगडी असते आपल्यात, दोघींनी एकेक हात धरायचा आणि गरगरायचं. ती खेळायला आमच्यातल्या अर्ध्या बायका घाबरायच्या, कारण वन्सं सोडायच्या नाहीत. समोरची "पुरे गं, पुरे!" म्हणून ओरडेपर्यंत फिरवायच्या.

खेळाचं असं होतं. कामाचं मात्र निराळं.

नव्वदीच्या सुमाराला आमच्या आळीतल्या बायकांनी महिला मंडळ काढलं. मंडळ म्हणजे काय, आमच्या चुलत घरच्या मोठ्या काकू आणि त्या सांगतील ते करणाऱ्या बाकी सगळ्या. काकूंचं अंगण मोठं, उन्हाचं. तिथे मंडळाची सुकेळी व्हायची. पिकलेली केळी सोलायची, कामट्यांच्या चटयांवर मांडायची, दिवसातून परतायची, कावळे हाकायचे, आणि ऊन कललं की गोळा करून, कापडात बांधून घरात घ्यायची. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. दिवाळीनंतर आमच्याकडे दव असं पडतं की सकाळी अंगण सारवल्यासारखं ओलं. केळ्यांवर एक रात्र दव पडलं की संपलं, चिकट होऊन बुरशी धरतात. नीट वाळली की मग केळीच्याच सुक्या पानात गुंडाळून केळीच्याच दोरीनं बांधायची.

या कामाच्या पाळ्या असत. रोज दोघींची जोडी. आणि पाळीत चूक झाली की काकूंचा ओरडा. काकूंचा ओरडा ही ऐकायची वस्तू होती. एरवी त्या शाळेत शिकवल्यासारखं स्वच्छ बोलायच्या, पण रागावल्या की घरच्या बोलीत शिरायच्या. ती बोली इथे लिहायला गेले तर कागदावर बिचकते, म्हणून लिहीत नाही. आळीच्या टोकापर्यंत आवाज जायचा. समोरचीच्या माहेरापासून सुरुवात करून तिच्या पोळ्या कशा कडक होतात इथपर्यंत सगळं निघायचं. आणि ओरडून दम लागला की काकू आत जायच्या, डब्यातून आधीच्या घाण्याचं एक सुकेळं आणायच्या आणि जिला ओरडल्या तिच्या हातावर ठेवायच्या. "ओरडा खाल्लास ना? आता हे खा." झालं. तो विषय तिथे संपला. पुन्हा कुणी काढायचा नाही.

आमच्यात घाटावरून आलेली एक मास्तरीणबाई होती, नवऱ्याची बदली झाली म्हणून आलेली. ती पहिल्याच पाळीला केळी परतायची विसरली, तर काकूंनी तिला असं धुतलं की ती बिचारी डोळे पुसायला लागली. मग हातावर सुकेळं आलं. ती खाता खाता रडत होती आणि रडता रडता म्हणत होती, "गोड आहे हो!" त्या दिवसापासून ती आमची झाली. आम्ही सगळ्यांनी कधी ना कधी ते सुकेळं खाल्लेलं. मी तर किती वेळा.

वन्संनी एकदाही नाही. कारण त्यांना पाळीच नव्हती.

रोज यायच्या. आल्या की काकू आतून ती लोखंडी खुर्ची मागवायच्या, "अगं, तिला खुर्ची द्या आधी!" आम्ही सगळ्या जमिनीवर फतकल मारून केळी सोलतोय आणि वन्सं मधोमध खुर्चीवर, पाहुणीसारख्या. काही उचलायला वाकल्या की चारी बाजूंनी, "असू दे, असू दे, तू बस!" एकदा वन्सं वैतागून म्हणाल्या, "काकू, माझा हात गेलाय. पाय दोन्ही आहेत. खुर्ची कशाला?"

काकू म्हणाल्या, "असू दे गं. बसलीस तर काय झिजतंय?"

आणि सगळ्या हसल्या. वन्संही हसल्या. मायेनंच चाललेलं होतं सगळं, त्यात खोट नव्हती. सुकेळ्यांचा वाटा व्हायचा तेव्हा वन्संच्या पुड्या कधी कमी पडल्या नाहीत, उलट काकू एखादी जास्तच टाकायच्या.

एका वर्षी, थंडी नुकती सुरू झालेली, मुंबईहून एका संस्थेची बाई आली. खादीची साडी, खांद्याला झोळी, बोलायला मऊ. तिच्या संस्थेकडून आम्हाला केळ्यांवर घालायला जाळीची झाकणं मिळणार होती, कावळे-माश्यांचा त्रास वाचला असता. काकूंच्या अंगणात बसून तिनं सगळं बघितलं, एक केळं स्वतः सोललं, मोडलं, आणि मग म्हणाली, "आता जगभर असं म्हणतायत की विकासाची कामं करताना अपंग माणसांना बाजूला ठेवायचं नाही. गावातल्या प्रत्येक गटात तीही हवीत. तुमच्या मंडळात कुणी आहे का?"

काकू ठामपणे म्हणाल्या, "नाही बाई. देवाच्या दयेनं आमच्यात अपंग कुणी नाही."

आणि वन्सं समोर खुर्चीवर बसलेल्या!

काकूंनी लपवलं नव्हतं बरं का. त्यांच्या मनात खरंच नव्हतं आलं. अपंग म्हणजे कुणीतरी लांबचं, स्टेशनच्या जिन्यावर बसलेलं. आपल्या घरची मुलगी कशी अपंग असेल? त्या बाईनं खुर्चीकडे बघितलं, म्हणाली, "आणि ह्या?"

"ही? ही आमची घरची पोर." पोर तिशी उलटलेली.

"अच्छा. मग यांची पाळी कधी असते?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मास्तरीणबाईंनी पदर तोंडाला लावला. आमच्यातली एक होतीच वाह्यात, ती म्हणाली, "अहो बाई, असं चारचौघींत विचारतात का?"

काकूंना तो विनोद कळला नाही, त्या सरळच म्हणाल्या, "तिला पाळी नाही."

"अगंबाई! एवढ्यातच गेली?" आणि सगळं अंगण हसायला लागलं. मीही हसले, खोटं कशाला बोलू. असल्या विनोदाला एरवी वन्सं सगळ्यात आधी हसायच्या, वर आणखी एक जोडायच्या. त्या दिवशी हसल्या नाहीत. उठल्या, खुर्ची एका हातानं मिटली आणि ती पोटाशी धरून उभ्या राहिल्या.

"काकू, मी मंडळात आहे का?"

"आता हे काय विचारणं? आहेसच. वाटा देतो की तुला, सगळ्यांइतका."

"देता. कशाबद्दल देता ते काही मला कळत नाही."

"घरची आहेस म्हणून."

"घरची आहे ते माहीत आहे. मंडळाची आहे का, ते विचारतेय."

एक कावळा येऊन चटईवरचं केळं घेऊन गेला तरी कुणी हाकलला नाही. पाहुण्या बाईनंही चांगलं केलं, मधे तोंड घातलं नाही. काकूंचा चेहरा मात्र उतरला. इतकी वर्षं जपलं, आणि वर हे ऐकायचं! त्या चहा ठेवायच्या निमित्तानं आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत.

घरी आल्यावर मी वन्संना म्हटलं, "काकूंना लागलं ते."

"मला माहीत आहे, वहिनी," त्या म्हणाल्या. "पण मला सांगा, तुम्हाला ओरडतात तेव्हा कसं वाटतं?"

"कसं वाटणार? रडू येतं."

"मला ते रडू पाहिजे."

मला तेव्हा हसूच आलं. ओरडा कुणी मागून घेतं का!

काकू मात्र विचार करत होत्या. पुढच्या आठवड्यात पाळ्या सांगताना त्यांनी आमच्या दोघींची जोडी लावली. वन्संकडे न बघताच म्हणाल्या, "हिनं नि वहिनीनं." आणि कुणी काही म्हणायच्या आत दुसऱ्या जोडीकडे वळल्या.

वन्सं केळं कसं सोलायच्या सांगते. उजव्या हाताचा जो भाग राहिला होता, त्याच्या आणि बरगडीच्या मधे केळं दाबून धरायच्या नि डाव्यानं साल ओढायच्या. फार सफाईनं जमायचं असं नाही. माझं चटईभर होईस्तोवर त्यांची अर्धी चटई, आणि त्यातली काही मोडलेली. मोडलेली त्या पटकन खाऊन टाकायच्या, म्हणजे पुरावा नको. परतायला मात्र मजा यायची त्यांना. आणि कावळ्यांना असल्या शिव्या घालायच्या की कावळे नव्हे, रस्त्यानं जाणारी माणसं थांबायची. बाकीच्या बायका येता-जाता म्हणायच्या, "दमलीस का गं? जमतंय का गं?" मला कुणी विचारलं नाही दमलीस का!

अशा दोन-तीन पाळ्या बऱ्या गेल्या. मग तो दिवस आला.

काकू चांदीपला गेल्या होत्या, भाच्याचं लग्न होतं. राहायलाच गेल्या होत्या, सकाळी परत येणार. अंगण आमच्या दोघींवर. केळी छान आली होती, आणखी एका उन्हात तयार होतील अशी. आणि दुपारी माझ्या मुलाला सणकून ताप भरला. मी वन्संना म्हटलं, "मी याला विरारला डॉक्टरकडे नेऊन आणते. तुम्ही ऊन कललं की गोळा करा. एकटीला कापड बांधायला जमेल ना?"

"जमेल हो. एक टोक दातात धरते. तुम्ही जा."

दवाखान्यात ही गर्दी. परत यायला एस.टी. मिळेना. घरी पोचले तेव्हा दिवेलागण होऊन गेलेली, पोर खांद्यावर झोपलेलं. काकूंचं अंगण आमच्या घरातून दिसत नाही, मधे पानवेली. वन्सं स्वयंपाकघरात बोंबील भाजत होत्या, घरभर वास. मला वाटलं, कामं उरकून निवांत आहेत. पोराला औषध दिलं नि तिथेच लवंडले.

सकाळी काकूंच्या आवाजानं जाग आली. शब्द नव्हते, नुसतं "अगं आई गं!"

धावत गेले. चटया तशाच अंगणात. केळी रात्रभर उघडी. एकेका केळ्यावर दवाचे थेंब, आणि चटया ओल्या गच्च. काकू लग्नातल्या साडीतच उभ्या, हातात पिशवी, लाडवांचा पुडा. हळूहळू सगळ्या जमल्या. वन्संही आल्या, केस विंचरायचे अर्धे राहिलेले.

आणि मग ते सुरू झालं, जे नेहमी व्हायचं तेच. एक म्हणाली, "असू दे काकू, एका हातानं कसं बांधणार ती." दुसरी म्हणाली, "आपलंच चुकलं, तिला एकटीला ठेवायला नको होतं." मास्तरीणबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही तरी कुणाला सांगून जायचं ना!" म्हणजे मी पोराला घेऊन गेले तो माझा गुन्हा, आणि जी अंगणात होती तिची सुटका! कुणीतरी आत जाऊन खुर्चीसुद्धा घेऊन आली. खरंच सांगते, अशा वेळी खुर्ची! उघडून वन्संच्या मागे ठेवली, "बस, बस. मनाला लावून घेऊ नको."

वन्सं बसल्या नाहीत. म्हणाल्या, "हाताचं काही नाही त्यात. मी इथे नव्हतेच."

"नव्हतीस म्हणजे?"

"अर्नाळ्याला गेले होते."

अर्नाळ्याच्या कोळीवाड्यात त्यांची शाळेतली मैत्रीण होती. मासे वाळवायची. पहिलीच्या वर्गात बसून दोघी एकच पाटी वापरायच्या म्हणे, हिचं लिहायचं तीच लिहून द्यायची. "दुपारी कंटाळा आला," वन्सं म्हणाल्या. "म्हटलं जाऊन येते, ऊन कलायच्या आत परत येईन. तिनं बसवलं. म्हणाली, आलीस तर पानी पी, च्या पी, बोंबील घेऊन जा. बोटी लागत होत्या, बघत बसले. आले तेव्हा काळोख झाला होता, आणि केळी मी विसरले. साफ विसरले. बोंबलांची पिशवी लक्षात राहिली, केळी विसरले."

अंगणात नुसता दवाचा वास. वन्सं काकूंकडे बघत होत्या. मी त्यांना इतकी वर्षं बघत होते, रहाटाच्या चाकावरून जातानासुद्धा ज्यांचा चेहरा हलायचा नाही, त्यांची हनुवटी थरथरत होती. ओरड्याला भिऊन नव्हे. काकू आता "असू दे" म्हणतात की काय, या भीतीनं. काकूंनी "असू दे" म्हटलं असतं ना, तर वन्सं पुन्हा त्या अंगणात आल्या नसत्या. मला ते तेव्हा, तिथे उभ्या उभ्या कळलं.

काकूंनी पिशवी खाली ठेवली. लाडवांचा पुडा ठेवला. पदर कमरेला खोचला.

आणि तोंड सोडलं!

काय सांगू तुम्हाला. घरच्या बोलीत, एका दमात. बोंबलांपासून सुरुवात. केळी वाळत घालून बोंबील वाळलेले बघायला जाते म्हणजे हिला म्हणावं काय! मग तिचा बाप कसा विसरभोळा, जत्रेत बैल विसरून आला होता, ते निघालं. मग तिची बडबड, मग तिचे अर्धवट विंचरलेले केस, मग ती मोडलेली केळी खाते हे आपल्याला दिसत नाही असं तिला वाटतं की काय, आपले डोळे काय बावखलात पडलेत काय! शेजारच्या वाडीतली माणसं कुंपणाशी येऊन उभी राहिली. आम्ही सगळ्या खाली माना घालून. तिच्या हाताचं नाव मात्र काकूंनी एकदाही घेतलं नाही. माया म्हणून टाळलं असं नाही. यात त्याचं काही कामच नव्हतं.

वन्सं मान खाली घालून उभ्या. डोळ्यांतून धारा. मधेच "हो काकू," "चुकलं काकू." आणि धारा चालू असतानाच ओठाचा एक कोपरा वर चाललेला, तो त्या दातांनी आवरून धरत होत्या.

"पुढची पाळीसुद्धा तुझीच! आणि त्याच्या पुढचीसुद्धा!" काकू शेवटी म्हणाल्या, आणि धापा टाकत आत गेल्या.

आम्ही वाट बघत राहिलो. आतून डब्याचं झाकण वाजलं.

काकू बाहेर आल्या, वन्संचा डावा हात ओढून धरला आणि त्यावर सुकेळं ठेवलं. "ओरडा खाल्लास ना? आता हे खा."

मग वळून बघितलं तर ती खुर्ची, उघडी, रिकामी, अंगणाच्या मधोमध. "ती इकडे आणा," काकू म्हणाल्या. "रात्रभर लग्नात उभी आहे, माझे गुडघे गेलेत." आणि हाशहुश करत त्यावर बसल्या. पुढे ती खुर्ची काकूंचीच झाली, शेवटपर्यंत.

जाळीची झाकणं आली, ती बाई पुन्हा आली. नंतर वन्संना विरारला तिच्या सभांना बोलवायला लागले. आसपासच्या गावांतून तशा बायका, मुली यायच्या. वन्सं तिथे भाषण वगैरे करायच्या नाहीत. शेजारी बसलेलीला विचारायच्या, "तुझ्या घरात तुझ्यावर ओरडतात का गं?" ती नाही म्हणाली की हळहळायच्या. आता त्या वाडीत इमारती झाल्या, बावखल बुजलं, काकू गेल्या. खुर्ची कुठे गेली कुणास ठाऊक.

पण त्या सकाळचं एक राहिलं सांगायचं. सगळ्या पांगल्यावर आम्ही दोघी ओल्या चटया उचलत होतो. वन्सं पायरीवर टेकल्या आणि सुकेळं खायला लागल्या, अगदी पुरवून पुरवून, कडेनं कुरतडत. मी रात्रीपासून जेवलेली नव्हते. म्हटलं, "वन्सं, एक तुकडा द्या की."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे अजून ओलेच.

"तुम्ही खाल्लाय का ओरडा?"

"नाही."

"मग?"